अहवालातील दोन अक्षरे

आर्णी तालुक्यातील एखाद्या गावात आरोग्य पथक येते, बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेते आणि काही मिनिटांत सांगते, ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’. एवढ्या दोन शब्दांवर ठरत आलेले लग्न मोडू शकते आणि धडधाकट मुलीकडे रुग्ण म्हणून पाहिले जाऊ लागते. वास्तविक त्या चाचणीने अद्याप निम्मी हकीकतही सांगितलेली नसते.

रक्तातील प्रथिने दोन ठिकाणी असतात. अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन रक्तद्रवात, तर हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत. उतारवयात सततची हाडदुखी, रक्तक्षय व वाढलेले ग्लोब्युलिन एकत्र आढळल्यास मल्टिपल मायलोमाच्या शंकेने डॉक्टर ‘सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ लिहून देतात. ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’ ही त्याहून निराळी तपासणी. नावे सारखी असल्याने पैसे भरण्यापूर्वी चिठ्ठी नीट वाचलेली बरी.

विदर्भाला छळणारा सिकलसेल हा या दुसऱ्या प्रथिनाचा दोष. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. चूक एवढीच! पण प्राणवायू कमी पडताच असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. असह्य वेदना, कावीळ, वारंवारचा जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसनेच दाखवून दिले की, या रुग्णांचे हिमोग्लोबिन मुळातच वेगळे आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत तो दोष नोंदला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान समाजांत तो आढळतो. मात्र इतर समाजांतही आहे. ‘ते आपल्यात नसते’ हे वाक्य तपासणीपूर्वी उच्चारण्यात अर्थ नाही.

हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, एवढे पाहून हा दोष कळत नाही. तेरीज जुळली म्हणजे खात्यातील प्रत्येक नोंद बरोबर असतेच असे नाही, तसेच हे. वाहकाचे प्रमाण अगदी योग्य असू शकते.

सोल्युबिलिटी चाचणीत रक्त रसायनात मिसळतात. दोषयुक्त हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रव गढूळ होतो आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा होतात. पण ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, दोघांचेही द्रव गढूळच. हा भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळतो. विजेच्या प्रवाहात सामान्य हिमोग्लोबिन पुढे सरकते, दोषयुक्त मागे राहते. वाहकात दोन्ही पट्टे दिसतात, रुग्णात सामान्य पट्टा नसतो. सहा महिन्यांच्या आतील बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. नुकतेच रक्त चढवलेल्या व्यक्तीचा अहवालही फसवा ठरतो. त्यासाठी साधारण तीन महिने थांबावे लागते.

वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला बहुधा कोणताही त्रास होत नाही आणि जोडीदार निर्दोष असल्यास अपत्य रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. ‘पहिले मूल आजारी झाले, आता दुसरे सुटले’ हा हिशेब येथे चालत नाही. एक जोडीदार सिकलसेलचा व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी मूल गंभीर आजारी होऊ शकते. हे एचपीएलसीत दिसते, सोल्युबिलिटीत नाही. म्हणूनच तपासणी एकट्या मुलीची नव्हे, दोघांचीही हवी. नेमका मुलाच्या घरी हा विषय काढणे लोकांना अवघड वाटते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी योजिलेली आहे. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे. एकदा नीट झालेला हा अहवाल जन्मभर बदलत नाही. तो घरातील शाळा सोडल्याच्या दाखल्याशेजारी ठेवावा आणि स्थळ पाहताना दोन्ही घरांनी पत्रिकेआधी काढावा.