हायब्रिड गाडी, यवतेश्वरचा घाट आणि आपल्या सरकारचा टॅक्स

गेल्या महिन्यात घरात नवीन गाडीचा विषय निघाला आणि हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह घेतली. त्यावर बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कंपनीचं आणि शोरूमचं नाव घेणार नाही. ही जाहिरात नाही आणि तक्रारही नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं आपली गाडी हायब्रिडच आहे, कारण मागे तसा बिल्ला असतो. एर्टिगावर वगैरे असतो तो 'स्मार्ट हायब्रिड'. त्यात छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, गाडी एकट्या मोटरवर चालत नाही. खरी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड काही अंतर निव्वळ बॅटरीवर जाते, इंजिन बंद. तिला प्लग लावायचा नसतो. ब्रेक मारला, उतार लागला की बॅटरी भरते, कमी पडली तर इंजिन भरतं. हायरायडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी यांच्या वरच्या मॉडेलमध्ये ही येते. मी बोलतोय ते या प्रकाराबद्दल.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमवाले हायवेला नेतात, पाच किलोमीटरवर यू टर्न, परत. त्यात काय कळणार? मी म्हटलं, घरचे पाच जण बसतील, गाडी राजपथावरून नेईन, मग यवतेश्वर चढून खाली येईन. सेल्सचा पोरगा जरा नाखूश झाला, पण आला. (पाचातला एक म्हणून मुलगा घरी राहिला, त्याचा राग अजून गेलेला नाही.)

पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गाडी खरंच जादूची वाटली. मोती चौकात रिक्षा, हातगाडी, मधेच थांबलेली स्कूटर, सगळं नेहमीसारखं. आपली गाडी उभी, इंजिन बंद, एसी चालू. पुढे सरकली तरी आवाज नाही. आई म्हणाली, "बंद पडली का रे?" क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे डाव्या गुडघ्याला आराम. तेवढ्या पट्ट्यात स्क्रीनवर मायलेज 24 दाखवत होतं. माझी जुनी पेट्रोल गाडी त्याच रस्त्यावर 11 देते.

समर्थ मंदिर सोडून घाट सुरू झाला आणि चित्र बदललं. पाच माणसं, सलग चढ. ही बॅटरी मुळात लहान असते, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीपुढे अगदीच चिमुकली. ती दोन-तीन वळणांत उतरली आणि इंजिन बोंबलायला लागलं. गाडी चढते, दम कमी पडत नाही, पण आवाज बराच आणि मायलेजचा आकडा 10 च्या खाली. उतरताना उलट. लिव्हर 'बी'वर टाकला की गाडी स्वतःला धरून ठेवते, ब्रेकवर पाय कमी जातो आणि बॅटरी भरत राहते. खाली येईपर्यंत ती पूर्ण भरली होती. सगळं धरून 20-21 चा हिशेब निघाला. या वर्गातल्या काही गाड्यांचं एआरएआयचं आकडेवारीतलं मायलेज 28 च्या जवळ आहे, ते कागदावर राहू द्या.

बायकोने मात्र पहिल्यांदा डिकी उघडली. बॅटरी तळाशी असल्यामुळे डिकीचा मजला वर आलेला. गावाहून येताना तांदळाचं पोतं, नारळ, आईची बॅग आणि वर मुलांचं सामान, हे त्यात बसत नाही. फॅमिली गाडी म्हणून विकताना ही गोष्ट आधी सांगायला हवी, पण कुणी सांगत नाही.

आता पैसे. मला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे त्याच गाडीच्या साध्या ऑटोमॅटिक पेट्रोलपेक्षा हायब्रिड ऑन-रोड सुमारे तीन लाखांनी महाग. आमचं चालणं महिन्याला 800 किलोमीटर, वर्षाला 9,600. पेट्रोल गाडी 14 देईल, हायब्रिड 21. लिटर 105 रुपये धरा, वर्षाला वाचतात साधारण 24 हजार. तीन लाख भरून यायला साडेबारा वर्षं! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास अडकणाऱ्याचे पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतील. साताऱ्याच्या, वाईच्या, कराडच्या माणसाचे होत नाहीत. बॅटरीची वॉरंटी मला सांगितली ती आठ वर्षांची.

इथे सरकार येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 40 टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून 43 होता. लिटरला दहा-बाराच देणाऱ्या मोठ्या डिझेल गाडीलाही तोच 40. इलेक्ट्रिकला 5. लहान हायब्रिडला 18 टक्क्यांचा दर कागदावर आहे, पण चार मीटरच्या आत स्ट्राँग हायब्रिड आजच्या घडीला आपल्या बाजारात कुणी विकतच नाही. म्हणजे टॅक्स गाडीची लांबी आणि इंजिनाचे सीसी बघून ठरतो, ती पेट्रोल किती पिते हे कुणी बघत नाही. नितीन गडकरींनी 2024 मध्ये हायब्रिडवरचा जीएसटी कमी करण्याचा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे पाठवल्याचं सांगितलं होतं. पुढे काय झालं ते वरच्या आकड्यात दिसतंच आहे.

आणि राज्याचा रोड टॅक्स वेगळा. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 12 टक्के, हायब्रिडही त्यातच. 17 लाखांच्या गाडीला दोन लाख झाले. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा हा टॅक्स माफ केला. त्याच महिन्याच्या 31 तारखेला आपल्या सरकारने टोयोटाशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. कारखाना हवा, मात्र त्यातून निघणारी गाडी इथल्या माणसाने घेतली तर तिला साध्या पेट्रोल गाडीचाच दर.

इलेक्ट्रिकवाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे. टाटांसारख्या कंपन्या म्हणतात, हायब्रिड शेवटी पेट्रोलच जाळते, तिला सवलत कशाला? मुद्दा चूक नाही. म्हणून मी माफी मागतच नाही. पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार्जरची लाईन घ्यायची तर आधी सोसायटीची मिटिंग, मग भांडण. गावी वळवाचा पाऊस पडला की लाईट जाते ती दुसऱ्या दिवशी येते. अशा घराने अटल सेतू आणि समृद्धीवरची ईव्हीची टोलमाफी घेऊन करायचं काय?

17 लाखांची गाडी घेणाऱ्याला सवलत कशाला, आधी एसटीच्या डेपोंकडे बघा, असंही कुणी म्हणेल. एसटीकडे बघायलाच हवं, त्यावर मी इथे किती वेळा लिहिलंय. पण 20 लाखांच्या ईव्हीला रोड टॅक्स शून्य ठेवताना हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. स्ट्राँग हायब्रिडचा रोड टॅक्स निम्मा केला तरी फरक तीन लाखांवरून दोनवर येतो आणि माझे साडेबारा वर्षांचे पैसे साधारण आठ वर्षांत निघतात. बॅटरीची वॉरंटीही तेवढीच. जिल्ह्यातले आमदार ही पोस्ट वाचतात, अधिवेशनात एक प्रश्न टाकायला हरकत नाही.

आम्ही अजून बुकिंग केलेलं नाही. बायकोचं मत साध्या पेट्रोलला, डिकीमुळे. ज्यांच्याकडे वर्षभराची हायब्रिड आहे त्यांनी टाकी ते टाकी भरून काढलेलं मायलेज सांगा, स्क्रीनवरचं नको. घाटातलं असेल तर फारच बरं.