राजीनामा आला, कारण कुठे आहे?

डग लव्हेरो यांनी मे २०२० मधल्या एका सोमवारी नासाच्या मानवी अंतराळ मोहिमांचे प्रमुखपद सोडले. क्रू ड्रॅगन यान माणसे घेऊन उडण्यास सज्ज आहे की नाही, याचा अंतिम आढावा त्याच आठवड्यात, गुरुवारी सुरू होणार होता आणि त्या बैठकीचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. पुढच्या बुधवारी, २७ मे रोजी, बॉब बेंकन आणि डग हर्ली हे अंतराळवीर त्या यानातून फ्लोरिडाहून झेपावणार होते. जुलै २०११ मध्ये शेवटचे शटल उडाले, त्यानंतर अमेरिकेच्या भूमीवरून एकही माणूस पृथ्वीच्या कक्षेत गेलेला नव्हता. इतक्या वर्षांनी आलेला हा दिवस आठवड्यावर असताना सर्वांत जबाबदार माणूस निघून गेला आणि तो का गेला हे नासाने सांगितले नाही. हे संतापजनक होते.

लव्हेरो यांचे सहकाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर आले. वर्षाच्या सुरुवातीला आपण एक जोखीम पत्करली, मोहिमेसाठी ती गरजेची वाटली, पण तो निर्णय चुकला आणि त्याचे परिणाम आपल्या एकट्यालाच भोगायचे आहेत, असा त्याचा आशय. या पत्राचे आपल्याकडेही कौतुक सुरू झाले. चूक कबूल करून खुर्ची सोडणारा अधिकारी पाहा, आमच्याकडे असे कधी घडणार, असा सूर लागला. आम्हाला हे कौतुक मान्य नाही. कोणती जोखीम? कोणता निर्णय? नियम मोडला की अंदाज चुकला? पत्रात यातले काहीच नाही. चूक कोणती हे न सांगता दिलेली कबुली कोणाच्याही उपयोगाची नसते.

चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या कंत्राटांशी याचा संबंध असावा, अशा बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांत आल्या. २०२४ पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचाच, असा तेव्हाच्या ट्रम्प सरकारचा हट्ट होता. त्यासाठी ३० एप्रिलला तीन कंपन्यांना मिळून ९६.७ कोटी डॉलरची कामे दिली गेली आणि बोइंग त्यातून बाहेर राहिली. त्या उड्डाणाशी आपल्या जाण्याचा संबंध नाही, असे लव्हेरो यांनी सांगितले. ते खरे असेलही. पण ज्या महिन्यांत त्यांनी ती अनाम जोखीम घेतली, त्याच महिन्यांत क्रू ड्रॅगनच्या चाचण्यांवर त्यांचा विभाग शिक्कामोर्तब करत होता. मार्चमध्ये, क्रू ड्रॅगन ज्यावर उडणार होते त्या फाल्कन जातीच्या रॉकेटचे एक इंजिन भर उड्डाणात बंद पडले. त्यात माणसे नव्हती. हे माणसांसाठी चालेल, ते चालणार नाही, हे ठरवणारा अखेरचा आवाज लव्हेरो यांचा होता. त्यांचा अंदाज कुठे चुकला हे कळल्याशिवाय बाकीचे अंदाज बरोबर होते असे कोणी आणि कशाच्या भरवशावर म्हणायचे? अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अंतराळ उपसमितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष केंद्रा हॉर्न यांनी चिंता बोलून दाखवली ती उगाच नाही. लव्हेरो यांच्या आधीचे प्रमुख बिल गर्स्टनमायर यांनाही जुलै २०१९ मध्ये असेच तडकाफडकी हलवले होते. वर्षाच्या आत दोन प्रमुख गेले आणि दोन्ही वेळा खुलासा नव्हता. केन बोवरसॉक्स या अनुभवी अंतराळवीराकडे तात्पुरता कारभार आला. माणूस चांगला आहे, पण प्रश्न माणसाचा नाहीच.

कारण उघड करावे, हे नासाला कोणी शिकवावे अशी वेळ यावी, याचेच दुःख होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटल फुटले आणि सात जण गेले. आदल्या रात्री अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत उड्डाण नको. त्यांचे ऐकले गेले नाही. पण त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. चौकशी आयोगाच्या खुल्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या रबराच्या कड्याचा एक तुकडा छोट्या पकडीत आवळून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून पकड सोडवली, तर ते रबर चटकन पूर्ववत होईना. कॅमेऱ्यांसमोर, सगळ्या देशाला कारण दिसले. २००३ मध्ये कल्पना चावला कोलंबिया शटलमधून परत आली नाही. पंखाला फोमचा तुकडा लागला आहे, कक्षेतल्या यानाची छायाचित्रे मिळवा, ही अभियंत्यांची मागणी कशी मागे पडली, ते चौकशी मंडळाने नावानिशी छापले. बेंकन आणि हर्ली निर्धास्तपणे क्रू ड्रॅगनच्या खुर्च्यांत बसायला तयार झाले ते या उघड्या कागदांच्या जिवावर. ती सवय नासाने सोडू नये.

राजीनामा म्हणजे काय आणि त्याने काय होत नाही, हे आमच्या नांदेड-लातूरच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. चॅलेंजर फुटले त्याच वर्षी, मार्चमध्ये, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी एम.डी. परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण त्या जागी आले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा चाकूरचे शिवराज पाटील यांचे केंद्रीय गृहमंत्रिपद गेले, पाठोपाठ बाभळगावच्या विलासराव देशमुखांचे मुख्यमंत्रिपद गेले आणि पुन्हा नांदेड, अशोक चव्हाण. दोन वर्षांनी 'आदर्श' इमारत प्रकरणात तेही गेले. एवढे राजीनामे पाहिलेल्या या दोन जिल्ह्यांनी स्वतःला विचारावे, की यातल्या कोणत्या राजीनाम्यातून आपल्याला नेमके कारण समजले? निलंगेकरांच्या वेळी समजले, कारण उच्च न्यायालयाने ताशेरे लिहून ठेवले होते. २००८ मध्ये लोकांच्या लक्षात राहिली ती विलासरावांनी हल्ला झालेल्या ताज हॉटेलला दिलेली भेट. पोलिसांच्या अंगावरची जॅकेटे, हातातली जुनी शस्त्रे, आधी मिळालेल्या इशाऱ्यांचे काय झाले, हे सगळे हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालात होते आणि तो अहवाल सभागृहासमोर ठेवायला सरकार महिनोन्‌महिने का-कू करत राहिले. माणसे घरी गेली की लोकांचा राग ओसरतो, फाईल बंद होते आणि पाणी जिथे मुरत होते तिथेच मुरत राहते. 'नैतिक जबाबदारी' या शब्दांमागे आजवर जितके दडवले गेले तितके कशामागेही नाही.

आणि मे २०२० मध्ये नांदेडात तर तेवढेही होताना दिसले नाही. हजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू करोनाच्या टाळेबंदीत इथे अडकले, एप्रिलअखेर बसगाड्यांतून परत गेले आणि तिकडे पोचल्यावर शेकड्यांनी बाधित निघाले. पंजाबचे मंत्री म्हणाले, नांदेडने नीट तपासणी केली नाही. आपली मंडळी म्हणाली, इथून निघाले तेव्हा ठणठणीत होते, लागण वाटेत झाली. लंगरमध्ये महिनाभर अहोरात्र जेवण देणाऱ्या सेवेकऱ्यांतही पुढे बाधित सापडले. त्यांना लागण कोठून झाली? आम्हाला कोणाचा राजीनामा नको होता. किती जणांचे नमुने घेतले, कोणत्या तारखेला घेतले, की नुसता तापमापक कपाळाला लावून गाड्या सोडल्या, एवढे तेव्हाचे पालकमंत्री अशोक चव्हाण आणि जिल्हा प्रशासनाने कागदावर जाहीर करायला हवे होते. नांदेडकरांना अजून एकमेकांच्या शेजारी राहायचे आहे.

हाच आग्रह आमचा इस्रोकडेही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इस्रोचे विक्रम यान उतरताना चंद्रावर आदळले, त्या रात्री लातूरच्या शिकवण्यांतली पोरेही जागी होती. नंतर संसदेत एका लेखी उत्तरात वेग कमी करतानाच्या फरकाबद्दल चार ओळी सांगण्यात आल्या. चौकशी समितीचा अहवाल मात्र मे २०२० पर्यंत जनतेसमोर आलेला नव्हता. ते यान मानवरहित होते म्हणून निभावले. गगनयानात माणसे बसणार आहेत. हवाई दलाचे चार वैमानिक तेव्हा रशियात प्रशिक्षण घेत होते, टाळेबंदीमुळे थांबलेले ते काम मे २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले होते आणि २०२२ चे उद्दिष्ट पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलेले होते. तारीख अशी वरून ठरली की खालचे अधिकारी कोणत्या जोखमी घेऊ शकतात, ही शंका लव्हेरो प्रकरणाने निर्माण केली. विक्रमचा अहवाल त्या चौघांच्या आईवडिलांना वाचता आला पाहिजे. इस्रोने तो खुला करावा, सरकारने तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा आणि तोपर्यंत गगनयानाची नवी तारीख कोणी जाहीर करू नये.