चार लोकांचे मत

मौद्यातील एक माउली मध्यंतरी आमच्याशी बोलत होती. तिच्या शिकलेल्या मुलीने घरात सांगून टाकले, की मी आयुष्य काढीन तर माझ्या मैत्रिणीसोबतच. माउली रडली, मग शांत झाली. नवरा मात्र म्हणाला, "समाजाले विचारू. चार लोक हो म्हनतीन तं हो." माउलीने आम्हाला विचारले, "पोरीच्या सुखासाठी चार लोकायची मतं घ्याची का?"

हा प्रश्न एका घराचा नाही. अमेरिकेत तो खरोखरच मतपेटीत गेला. तेथील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला. हजारो लग्ने लागली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला 'प्रस्ताव ८' मतदारांपुढे आला आणि सुमारे ५२ टक्के मतांनी तो हक्क हिरावला गेला. कोर्टकज्जे होऊन जून २०१३ मध्ये लग्ने पुन्हा सुरू झाली. २६ जून २०१५ रोजी अमेरिकाभर हा हक्क मान्य झाला. २०२४ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी बंदीचे ते शब्द आपल्या राज्यघटनेतून पुसून टाकले. पण ज्यांची मधली वर्षे गेली, त्यांना ती कोण परत देणार?

वाचकहो, आपल्याला हा अनुभव नवा नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब तेथे पाणी प्याले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. बहुमताने दिले, बहुमताने काढून घेतले! मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. तहान लागलेल्या माणसाने दहा वर्षे थांबायचे?

मग मतदान वाईट का? मुळीच नाही. दारूचे दुकान बंद करायला आपल्या राज्यात बायाबापड्या 'आडव्या बाटली'ला मत देतात, ते योग्यच आहे. ते दुकान साऱ्या गावाचे संसार जाळते, म्हणून तेथे गावाचे मत हवे. पण दोन मुली एका छपराखाली सुखाने राहिल्या, तर कोणाची चूल विझते?

आपल्या देशात अशा प्रश्नावर सार्वमत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्याच न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता नाकारली. कायदा करणे संसदेचे काम, असे सांगितले. म्हणजे प्रश्न पुन्हा बहुमताच्या दारात आला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते, की संविधानाची नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. ती बाणवायची सुरुवात घरापासूनच नको का?

म्हणून ताई, चार लोकांना विचारू नका. मुलगी सज्ञान आहे, तिने गुन्हा केलेला नाही. कायद्याचा कागद तिला आज मिळणार नाही, म्हणून तर आईबापाचा आधार अधिक हवा. तिला आणि तिच्या मैत्रिणीला जेवायला बोलवा. ताटे वाढताना गावाची परवानगी लागत नाही.