गर्दी कोणाची आणि कशी?

गेल्या वर्षीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता ‘साथीच्या काळात सार्वजनिक समारंभांवर बंदी असावी’. मी अनुकूल बाजूने बोलले. टाळ्या मिळाल्या, ढालही मिळाली. व्यासपीठावरून उतरताना कन्नड विभागातली माझी मैत्रीण, जी प्रतिकूल बाजूने बोलली होती, मला म्हणाली, “तू सगळ्या गर्द्यांना एकाच दावणीला बांधलंस गं.” त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि खरे सांगायचे तर ते बरेचसे तिच्याच बाजूचे आहे.

भाषणात माझे हुकमी उदाहरण होते फिलाडेल्फियाचे. 28 सप्टेंबर 1918 रोजी महायुद्धाचे कर्जरोखे खपावेत म्हणून त्या शहरात मोठी मिरवणूक निघाली. इन्फ्लुएन्झा शहरात आधीच शिरला होता, ‘मिरवणूक थांबवा’ असे काही डॉक्टर सांगत होते, तरी दुतर्फा सुमारे दोन लाख लोक जमले. तीनच दिवसांत इस्पितळांत खाट मिळेना. पुढच्या सहा आठवड्यांत बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. सेंट लुईस शहराने शाळा, नाटकगृहे आणि सभा वेळीच बंद केल्या. तिथे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले. उदाहरण खोटे नाही. पण त्याच साली त्याच रोगाने आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि त्याला कुठली एक मिरवणूक कारण नव्हती. मुंबई बंदरात उतरलेला रोग आगगाडीने गावोगाव गेला आणि दुष्काळाने खंगलेल्या माणसांना गाठत गेला. हे मी भाषणात सांगितले नव्हते.

मैत्रिणीचे म्हणणे मला पटले ते पुढे थोडे वाचल्यावर. गर्दीने रोग पसरतो का, याचे उत्तर रोग कोणत्या वाटेने येतो त्यावर अवलंबून आहे. 1867 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात लाखो यात्रेकरू जमले, पटकीची साथ उठली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानभर गेली. पंढरपूरच्या यात्रेलाही एके काळी पटकीचीच धास्ती असे. पण तो रोग पाण्यातून येतो. पुढे पिण्याच्या पाण्याची सोय सुधारली. वारी वाढतच गेली आणि पटकीची ती दहशत मात्र राहिली नाही. गाठीच्या प्लेगचे तर याहून वेगळे. 1896 साली तो मुंबईत आला. दुसऱ्या वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला, आगगाडीतल्या उतारूंच्या तपासण्या सुरू केल्या, मुंबईहून निघणारी हजयात्रा थांबवली. उंदरांवरच्या पिसवांमधून हा रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते 1898 मध्ये. म्हणजे रोग पिसवांतून येत होता आणि झडती माणसांची चालली होती! तोच 1897 चा कायदा 2020 साली पुन्हा कपाटातून बाहेर निघाला, हे जाता जाता.

कोरोना मात्र श्वासातून येणारा. त्याला गर्दी हवीच. पण मोठीच हवी असे नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाची तालीम बंद सभागृहात अडीच तास चालली. हजर होते 61 जण. त्यांतले 53 आजारी पडले, दोघे वारले. आणि त्याच वर्षी त्याच देशात शहरोशहरी हजारोंचे मोर्चे निघाले, तेव्हा त्या शहरांत त्यामुळे रोग वाढल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. मोर्चे उघड्यावर होते, पुष्कळांच्या तोंडाला मास्क होते, आणि मोर्चांमुळे इतर लोक घराबाहेर पडले नाहीत, हेही एक कारण त्यांनी दिले आहे. मी स्वतः दहावीची परीक्षा जुलै 2021 मध्ये दिली. सबंध कर्नाटकात आठ लाखांहून अधिक मुले त्या दोन दिवशी केंद्रांवर आली. बाकावर एकटीच मी, खिडक्या सताड उघड्या, बाहेर धो धो पाऊस आणि उत्तरपत्रिकेवर तुषार! त्यानंतर आमच्या केंद्रावरचे कोणी आजारी पडल्याचे कानावर आले नाही. साथ तेव्हा ओसरली होती, हे मान्य करायलाच हवे.

आता आमच्या घरातली गोष्ट. ती भाषणात सांगण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

आमचे आज्जा बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या दिंडीतून दरसाल पायी पंढरपूरला जात. 2020 साली वारी बंद झाली. आषाढीला संतांच्या पादुकासुद्धा एसटीने गेल्या. आज्जांनी कुरकुर केली नाही. “बंदी हाय म्हटल्यावर न्हाई जायाचं. इठ्ठल कुठं पळून चालला न्हाई,” एवढेच म्हणाले. मग 17 एप्रिल 2021 ची पोटनिवडणूक आली. बेळगावची लोकसभेची जागा रिकामी झाली होती ती केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी यांच्या निधनाने, आणि ते गेले होते कोरोनानेच. गंमत म्हणावी की काय म्हणावे, त्याच दिवशी पंढरपूर-मंगळवेढ्यातही पोटनिवडणूक होती. तिथले आमदार भारत भालके यांचेही निधन कोरोनानंतरच्या दुखण्यातच झाले होते. दुसरी लाट डोक्यावर आलेली असताना दोन्हीकडे प्रचार झाला. पंढरपुरात देवळाचे दार बंद आणि सभांची मैदाने उघडी. आज्जा वर्तमानपत्र खाली ठेवून हसले. “आमचा टाळ वाजला की रोग हुतो, आन् ह्यांचा कर्णा वाजला की न्हाई हुत व्हय गं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

मतदानानंतरच्या आठवड्यात आमच्या चुलत वहिनींच्या बाळाचे बारसे झाले. घरचीच माणसे, म्हणजे पस्तीसेक. बाळाला वारा लागू नये म्हणून माजघराच्या खिडक्या लावून घेतलेल्या. बायकांनी पाळणे म्हटले, दोन तास. घरातला एक भाऊ महिनाभर प्रचारात फिरत होता. रोग त्याच्याबरोबर आला की आणखी कोणाबरोबर, हे सांगता येणार नाही, आणि त्याला दोष देण्याची माझी इच्छा नाही. अकरा जण अंथरुणाला खिळले. आज्जा तेराव्या दिवशी गेले. ज्यांनी वारी सोडली, सभेकडे पाठ फिरवली, त्यांना घरच्या माजघराने नेले.

म्हणून ‘गर्दी’ हा शब्द मी आता जपून वापरते. माझ्या भाषणात मी मार्च 2020 च्या दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मेळाव्याचा उल्लेख जोरात केला होता, टाळ्याही तिथेच पडल्या. त्या प्रकरणातल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे मत नोंदवले, हे मला ठाऊक होते. मी ते गाळले. एप्रिल 2021 मध्ये हरिद्वारला 12 आणि 14 तारखेच्या शाही स्नानांना लाखो लोक जमले, तेही गाळले. वेळ अपुरा होता, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण समोर बसलेल्यांना काय आवडेल याचा अंदाज, हे होते. ‘कुंभात तपासण्या करूनही रोगी फार थोडे निघाले’ असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पुढे त्या तपासण्यांतले लाखभर अहवाल बनावट असल्याचे प्राथमिक चौकशीत निघाले. निजामुद्दीनचे मेळावेकरी मात्र एकेक करून मोजले गेले होते. आपल्याला नकोशी असलेली गर्दी आपण मोजतो आणि आपली गर्दी अंदाजाने सांगतो. मग कोणत्या गर्दीने किती रोग पसरवला, याचा हिशेब जुळणार कसा?

बंदी नकोच, असे माझे म्हणणे नाही. रोग श्वासातून येणारा असेल, तर प्रचारसभा, शाही स्नान, लग्न आणि बारसे यांना एकच नियम लावा, आणि तो जागा बंद की उघडी, माणसे किती वेळ बसणार, गाणार-ओरडणार का, हे पाहून लावा. तसा नियम असता तर कदाचित दिंडीलाही दिवसा चालायला मुभा मिळाली असती आणि रात्रीच्या दाटीच्या मुक्कामाला मिळाली नसती. आज्जांना ते पटले असते.

मैत्रिणीला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग ढाल परत दे.” ढाल मी दिली नाही. पण ज्या सभागृहात आमची स्पर्धा झाली, तिथल्या मागच्या बाजूच्या खिडक्या रंग सुकून घट्ट बसल्या आहेत, त्या उघडून द्या म्हणून मी शिपाईमामांच्या मागे लागले. सहापैकी दोन उघडल्या आहेत. उरलेल्यांना सुतार हवा म्हणतात. तसा अर्ज कार्यालयात दिला आहे.