बर्फ शून्य, पण वारा किती?

गंगापूर रोडवरच्या सिव्हिलच्या पोरांनी स्टॅड-प्रोमध्ये स्टीलचं छप्पर मांडलं, की बर्फाचा लोड कुणी देतच नाही. नाशकात कुठला आलाय बर्फ! पण वारा? आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी मूळ वेग आहे सेकंदाला ३९ मीटर. त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. चौरस मीटरला सुमारे ९०० न्यूटन! पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम ५०. म्हणजे पत्रा दबण्याआधी उडायचीच भीती जास्त. उचलणारा वारा तुम्ही दिलाच नाही, तर सॉफ्टवेअर बिनधास्त ‘पास’ म्हणतं.

अमेरिकेत हार्टफर्डच्या क्रीडागृहाचं छप्पर कॉम्प्युटरवरच डिझाइन झालं होतं. उभारतानाच ते हिशेबाच्या दुप्पट वाकलं, तरी भरवसा कॉम्प्युटरवर! १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे ते बर्फाखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच हजारो लोक आत बास्केटबॉल बघत होते.

म्हणून माझं म्हणणं, व्हायवात ते रंगीत आलेख राहू द्यात. कोरा कागद द्या आणि विचारा, हा पत्रा दबतोय की उचलला जातोय, आणि बोल्ट किती लागतील?