‘पडले’ असे लिहू नका

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई तोंडावर पदर धरून आली. बराच वेळ बोलेचना. पदर काढला तेव्हा दिसले, वरचे दोन दात अर्धे तुटलेले, तिसरा हलणारा. रात्री नवऱ्याने ठोसा मारला होता. ही चार घरची धुणीभांडी करते. नवरा कारखान्यात आहे आणि त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमच्या कार्डावर बायकोचेही नाव आहे. “ताई, कार्डावर होईल का दाताचं?” एवढाच तिचा प्रश्न होता.

आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, दहा वर्षे ह्याच कामात असलेली, तिला काय म्हणाले? “फॉर्मवर त्याची सही लागेल. आत्ता भांडण काढू नकोस. डॉक्टरांना सांग, मोरीत पाय घसरून पडले. आधी दात तर वाचू देत.”

ह्या सल्ल्याची मला आज लाज वाटते. म्हणूनच हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी तिने सांगितले तसे लिहिले. रूट कॅनॉल आणि कॅप मिळून एकोणीस हजार रुपये झाले. ते तिने बचत गटाकडून दरमहा दोन टक्के व्याजाने उचलले. महिन्याभराने पत्र आले : दावा नामंजूर. उपचार बाह्यरुग्ण म्हणून झाले, रुग्णालयात दाखल केले नव्हते, सबब दंतोपचाराचा खर्च देय नाही. पुढे तिने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्याच्या २०व्या कलमानुसार औषधोपचाराचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. तेव्हा समोरच्या वकिलाने तोच कागद कोर्टापुढे ठेवला : बाई स्वतःच सांगते, पडले! खोटे बोलून पैसे मिळाले नाहीतच, पुरावा मात्र गेला. केस अजून चालू आहे.

मैत्रिणींनो, ह्या एका कागदाकडे नीट पाहू या. १८६०च्या भारतीय दंड विधानाने ३२०व्या कलमात जबर दुखापतीची यादी दिली होती. तीत हाडाबरोबर दातही होता : दात मोडणे किंवा निखळणे ही जबर दुखापत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६व्या कलमातही तो तसाच आहे. म्हणजे फौजदारी कायद्याच्या लेखी हात मोडणे आणि दात मोडणे एकाच पंक्तीला. आणि विम्याच्या लेखी? हात मोडला तर तो आजार. दात तुटला तर जणू दागिना हरवला! बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात. अपवाद एकच : अपघात झाला असेल आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तर. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ ह्या प्रमाणित पॉलिसीत आजार वा दुखापतीमुळे करावे लागलेले दंतोपचार धरले आहेत खरे, पण तेही दाखल होऊन घेतलेल्या उपचारांच्याच यादीत. आता सांगा, दातासाठी कोण दाखल होते? दाताचा दवाखाना म्हणजे खुर्चीवर बसून तासाभरात उठण्याची जागा. ज्या दाराने कोणी जातच नाही, ते दार उघडे ठेवून आम्ही विमा देतो म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, बाई ‘अवलंबित’. बिल आधी खिशातून भरले तर परतावा जातो विमाधारकाच्या खात्यात. समजा, तिचा दावा मंजूर झाला असता, तर कर्ज तिच्या डोक्यावर राहिले असते आणि पैसे ठोसा मारणाऱ्याच्या खात्यात जमा झाले असते. कुटुंब म्हणजे पुरुष, हे समीकरण विम्याच्या फॉर्मात किती निमूटपणे बसले आहे पाहा.

कोणी म्हणेल, मारहाण हा अपघात कसा? विमा नियामकाने अपघाताची व्याख्या ठरवून दिली आहे : अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेविरुद्ध, बाहेरच्या, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली घटना. नवऱ्याचा ठोसा ह्यातल्या कोणत्या शब्दात बसत नाही? म्हणजे खोटे लिहिण्याची गरजच नव्हती. ती गरज आपण, कार्यकर्त्यांनीच, मानून घेतली होती.

मग करायचे काय? पहिले, घरात कार्ड असेल तर पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा आणि ‘दंत’, ‘बाह्यरुग्ण’, ‘प्रतीक्षा काळ’ हे शब्द शोधा. काही कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी रक्कम असते. बायकांना ती कोणी सांगत नाही. दुसरे, दात तुटला, जबडा सुजला तर शक्य तो आधी सरकारी रुग्णालयात जा. तिथे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद होते, पोलिसांना कळवले जाते. हे बाईला आधी सांगा, कारण तिची भीती खरी असते आणि निर्णय तिचाच असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे खर्च खाजगीपेक्षा खूप कमी येतो. तिसरे, खुर्चीत बसण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज घ्या. एक्स-रे आणि प्रत्येक दाताचे वेगळे बिल जपून ठेवा. चौथे, नकार आला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

पण एकेका बाईने एकेक अर्ज लिहून हा प्रश्न सुटणार नाही. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांचे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या दातदुखीला तिथे दार नाही. १९४८च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार मिळतात, पण आपल्या घरकामगार बहिणींना ती सरसकट लागू नाही. मिश्रीने हिरड्या सोललेल्या, बाळंतपणानंतर दात हलू लागलेल्या, दुखला की लवंग दाबून कामाला जाणाऱ्या आणि शेवटी उपटून मोकळ्या होणाऱ्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत. चाळिशीत बोळके झाले तरी ‘वयच झालं आता’ म्हणतात. वय नाही झाले, उपचार नाही झाले!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी योजनांत दातांचे बाह्यरुग्ण उपचार धरा. घरकामगारांना कामगार विम्यात घ्या. आणि बाईच्या उपचाराचा परतावा बाईच्याच खात्यात जमा करा.

ह्यापुढे तोंडावर पदर धरून कोणी आली तर मी आधी कार्ड विचारणार नाही. आधी विचारीन, कोणी मारले? आणि तिची तयारी असेल तर ती जे सांगेल तेच कागदावर येईल, ह्यासाठी तिच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसेन.