दादरच्या बाजारात आपली जागा कोणती?

बाजार जात विचारत नाही, असं आपल्यातले चार बुकं शिकलेले लोक हल्ली बोलायला लागलेत. म्हणतात, गावात पाणवठा बाटायचा, देऊळ बाटायचं. दादरला रानडे रोडवर शर्ट घ्यायला गेलं तर कोण विचारतो तू कोण ते? नोट टाक, माल उचल. झाली समता.

दोस्तहो, ही समता गिऱ्हाइकाची आहे. (तीही दुकानाच्या पायरीपुरती. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने खोली मागून बघा, पहिला प्रश्न आडनावाचा येतो.) बाजार म्हणजे काय नुसतं गिऱ्हाईक? बाजारात गाळा असतो, गल्ला असतो, ओटा असतो, पथारी असते, हमालाची पाठ असते आणि सगळ्यात शेवटी झाडू असतो. कोण कुठे आहे ते बघायला मी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दादर पश्चिमेला रात्रभर हिंडलो.

आधी एक सांगतो, मला हा बाजार आवडतो. बाजाराचं नाव काढलं की भांडवलशाही म्हणून तोंड वाकडं करणारे आपले काही मित्र आहेत, त्यांच्यातला मी नाही. नऊ वाजता पुलावरून खाली उतरलो. केशवसुत पुलाखाली माणसाला माणूस चिकटलेला. कंदील, रांगोळीचे ढीग, उटणं, धारावीच्या कुंभारवाड्यातून आलेल्या पणत्या, 'दोनशेला दोन, दोनशेला दोन'चा कल्ला. लेकराच्या हातात फुलबाजी, आईच्या हातात चार पिशव्या. आपल्या वस्तीतल्या बायाही त्यात. वर्षाकाठी एकदा अंगावर नवं कापड चढवायचं तर इथंच यायचं, दुसरीकडे परवडत नाही. एवढा उजेड, एवढा गोंधळ, आणि कुणी अंगाला अंग लागलं म्हणून दचकत नाही. हे कमी नाही. बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितलं ते उगाच नाही.

पण मग मी पाट्या वाचत निघालो. रानडे रोड, छबिलदासची गल्ली, कबुतरखान्याकडे. दुकानामागून दुकान. मालकाचं नाव म्हणून आपल्या ओळखीचं एक आडनाव सापडेल तर शप्पथ. आत काउंटरमागे घड्या घालणारी, सकाळपासून उभी राहून पाय सुजलेली पोरं विचारली तर आपली निघतात. गाळे पिढीजात आहेत, पागडीचे आहेत, आजोबाकडून नातवाकडे आलेत. आपल्या आजोबाकडून आपल्याकडे काय आलं ते तुम्हाला माहीत आहे.

फूटपाथ तरी सगळ्यांचा, असं वाटतं. तसंही नाही. चादरी विकणाऱ्या एका पोराजवळ उभा राहिलो. वीस-बावीसचा असेल. माल दुसऱ्याचा, चार फूट जागा तिसऱ्याची, बल्बची लायन मागच्या दुकानातून घेतलेली, तिचं भाडं वेगळं. हा रोजावर.

"मग यात तुझं काय?" मी विचारलं.

"घसा," तो म्हणाला, आणि परत ओरडायला लागला.

त्याच्याही खाली एक थर आहे. पालघरकडून आलेल्या आदिवासी बाया रस्त्याच्या कडेला ओळीनं बसल्या होत्या. झेंडू, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या. दोन दिवसांपूर्वी निघालेल्या, माल संपेस्तोवर इथंच, गोणपाटावर झोप. संडासाला जायचं तर पैसे, आणि टोपली कुणाच्या भरवशावर सोडायची? त्यांच्या पलीकडे शिंदीच्या केरसुण्या घेऊन एक मातंग म्हातारी. लक्ष्मीपूजनाला हीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसणार, तिला हळदकुंकू लागणार. वळणारीला बसायला गटाराचं झाकण.

तिथं एक पगारदार भाऊ आला. छातीवर निळा बिल्ला, पायात भारीचा बूट. मी जय भीम घातला, त्यानेही घातला. मग म्हातारीशी दहा रुपयांवरून पाच मिनिटं वाद. बूट घेताना घातलीस का रे अशी घासाघीस? तिथं काचेत किंमत लिहिलेली असते, तिथं आपली जीभ उचलत नाही. गरिबाशीच घासाघीस करायला सवर्णांकडून शिकलो वाटतं.

साडेदहाला शिटी वाजली. गाडी आली. ज्यांच्या पाठीशी जागेचा मालक होता त्यांना खबर आधीच पोचलेली. चादरीची चार टोकं धरली, बोचकं झालं, पोरगं गल्लीत गडप. टोपलीवाल्या बाया मात्र सापडल्या. टोपलीला टोकं नसतात. एका बाईचा सगळा झेंडू गाडीत गेला. तिनं शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. उरलेले टाळे मोजत बसली. पंधरा मिनिटांनी बाजार पुन्हा होता तसा.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण आपली पोरं घोषणा पाठ करतात, कायदा वाचत नाहीत. २०१४ साली फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा झाला. पाच वर्षांत किमान एकदा सर्वेक्षण, आणि सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश बाया. आणि त्यातच अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व द्यावं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. मुंबईत या समितीची निवडणूक व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षं! मतदारयादीत नावं किती, तर सुमारे ३२ हजार. या शहरात रस्त्यावर पोट भरणारे फक्त ३२ हजार आहेत असं ज्याला वाटतं त्यानं एक संध्याकाळ दादरला येऊन बघावं. टोपलीवाली बाई, केरसुणीवाली म्हातारी यादीत येणार कशी? कागद कुठला दाखवणार?

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. पूल अरुंद होता, वर्षानुवर्षं ओरड होती. राग निघाला फेरीवाल्यांवर. १ नोव्हेंबर २०१७ ला उच्च न्यायालयाने सांगितलं, स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको. दादर स्टेशनापासून दीडशे मीटर मोजा, जिथं टोपलीवाल्या बाईला गिऱ्हाईक मिळतं ती सगळी जागा त्यात जाते.

साडेबाराला शटरं पडली. मग झाडू आला. थर्माकोल, प्लॅस्टिक, चुरगळलेली फुलं, उसाची चिपाडं, पायाखाली मेलेली रांगोळी. चार जण. बाजाराच्या या टोकाला मात्र आडनावं विचारावी लागली नाहीत. एकजण म्हणाला, ठेकेदाराकडे आहे, किती वर्षं झाली मोजायचं सोडलं. याच शहरात २,७०० कचरा कामगारांना महापालिकेचे कामगार म्हणून हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला एप्रिल २०१७ मध्ये. तोवर कागदावर ते कामगार नव्हतेच, 'स्वयंसेवक' होते. जणू हौसेनं कचरा उचलत होते! बाजारात आपल्याला न मागता मिळालेल्या जागा दोनच: स्टेशनावरची बूटपॉलिशची पेटी आणि रात्रीचा झाडू. या जागांसाठी कुणी आपल्याशी भांडत नाही.

नोकरीतला वाटा आपण मागितला, बरोबर केलं. पण सरकारी नोकऱ्या ठेक्यावर जात असताना बाजारातला वाटा मागायचं आपल्याला सुचत का नाही? शाहू महाराजांना ते सुचलं होतं. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळ्यांना मार पडला, तेव्हा महाराजांनी त्यांना कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला लावलं. स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले आणि बरोबरच्या सरदारांना प्यायला लावला. सहानुभूतीचं भाषण करून मोकळे झाले असते तर कोण विचारणार होतं? बाजारात गल्ल्यावर कोण बसतो यात काय ताकद आहे, ते त्या राजाला कळत होतं.

आणि आपल्याला धंदा येत नाही हे तर सांगूच नका. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपण जो बाजार भरवतो त्याला तोड आहे का? पुस्तकांचे स्टॉल, कॅलेंडरं, मूर्ती, कॅसेटी होत्या तेव्हा कॅसेटी. पोटाला चिमटा काढून आलेला शेतमजूर परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. रानडे रोडवर रात्री फिरून बघितलं, चार पिशव्यांत एक पुस्तक दिसलं नाही. पण आपला हा बाजार दोन-तीन दिवसांचा. सात तारखेला बांबू सुटतात, वर्तमानपत्रात घाणीची बातमी येते, आणि घाण काढायला परत आपलाच माणूस झाडू घेऊन हजर. ज्या दादरात बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी, त्या दादरात आपल्या पुस्तकाला बारमाही चार फूट फूटपाथ नाही. त्याच दादरात २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात आंबेडकर भवनावर बुलडोझर चालला. असलेली जागा आपण राखू शकलो नाही. आता नवी मागायला लाजायचं काय?

तर काम असं आहे. या सहा डिसेंबरला जो जो स्टॉल लावील त्याचं नाव, गाव, माल आणि लागणारी जागा वहीत उतरवायची. केरसुणीवाल्या, टोपलीवाल्या, चादरीवाला पोरगा, त्यांचीही नावं त्याच वहीत. यादी आपली एकट्याची नको. पुढचं सर्वेक्षण लागेल तेव्हा कागद नाही म्हणून कुणी परत जाता कामा नये, म्हणून आधारपासून जातीच्या दाखल्यापर्यंत काय काय कमी आहे तेही शेजारी लिहायचं. आणि फुलबाजारापासून चैत्यभूमीपर्यंत कुठं किती रुंद फूटपाथ आहे ते मोजून काढायचं. हे दिवसा जमत नाही, गर्दी असते. रात्री एकनंतर बरं. टेप माझ्याकडे आहे, वही तुम्ही आणा. झाडूवाल्यांशी बोलून ठेवलंय, ते म्हणाले, आमच्या पाळीत या, कोणत्या ओट्याला किती फूट लागतं ते आम्हाला पाठ आहे.